पितळ भंगारात घालू नका!

आमच्या शिवाजी पेठेत जुन्या घरांच्या माळ्यावर अजून एखादी गॅसबत्ती सापडते. पेट्रोमॅक्स! नाव बर्लिनच्या माक्स ग्रेट्झवरून आलेलं, पण आपल्याकडच्या वराती आणि तमाशाचे फड तिनंच उजळले. आता लोक ती किलोवर विकतात. थांबा की जरा!

आजोबांची बत्ती मी खोलली. हवाच भरत नव्हती. अशा वेळी बहुतेकदा पंपातला चामड्याचा वायसर वाळून आकसलेला असतो. रात्रभर तेलात भिजवला, कडा बोटानं पसरल्या, झालं. फाटलाच असता, तर कोल्हापुरात चामडं कापणाऱ्यांची काय कमी?

मग रिकाम्या टाकीत हवा भरून ती पाण्यात बुडवली. बुडबुडे आले असते तर पेटवलीच नसती. आता रॉकेल, पेट्रोल चुकूनही नाही. आधी स्पिरिटनं नळी चांगली तापवायची. गार नळीत रॉकेलची वाफ होत नाही, कच्चं तेल वर येतं आणि भडका उडतो.

आत एलईडी बसवून शोपीस करणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार!

आणि हो, जुन्या मँटलमध्ये थोरियम असतं, किरणोत्सारी. त्याची राख फुंकू नका. बत्ती पेटवायची ती अंगणातच.