इंजिनाचा वाण ओळखा, मग बयाणा द्या

(काटोल येथील बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर आपण नेहमी बोलतो. आज तो कापूस बाजारात नेणाऱ्या जुन्या पिकअपवर बोलू. विषय किरकोळ नाही. १९७२ साली एकाधिकार खरेदी आली आणि पुढे कित्येक वर्षे कापूस कोणाला विकायचा हे सरकारने ठरवले. ते जोखड गेले. आज काटोलचा शेतकरी आपला माल नागपूरला नेईल, नाहीतर सरहद्दीपलीकडे पांढुर्ण्याला नेईल. पण त्यासाठी चाके आपली पाहिजेत. नवी गाडी परवडत नाही, म्हणून चौघे मिळून जुनी घेतात. आणि तिच्या बॉनेटखाली नेमके कोणते इंजिन आहे, हे चौघांपैकी एकालाही ठाऊक नसते.

हा दोष शेतकऱ्याचा नाही. लायसन्स-परमिटच्या राज्यात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. १९७३ नंतर आणि पुन्हा १९७९ नंतर पेट्रोल भडकले. लोकांनी जीपचे पेट्रोल इंजिन उतरवले आणि मिळेल ते डिझेल इंजिन बसवले. सांगाडा एकाचा, इंजिन दुसऱ्याचे, डिझेल पंप तिसऱ्याचा, अशा गाड्या आजही विकायला येतात.

याची किंमत ऐन वेचणीत कळते. हेड गॅस्केट जळते, कापूस घरात पडून राहतो. दुकानदार विचारतो, कोणते इंजिन? आपण सांगतो, महिंद्राचे. महिंद्राचे कोणते? इथे आपण गप्प. मग अंदाजाने सामान आणायचे, न बसले की परत न्यायचे. बियाण्याच्या पिशवीवर वाण लिहिलेला नसेल तर आपण ती घेत नाही. इंजिनालाही तोच नियम लावा.

पहिली गोष्ट, कागद. आर.सी.वर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर, दोन्ही असतात. चेसिस नंबर गाडीची ओळख सांगतो, इंजिनाची नाही. इंजिन नंबर ब्लॉकच्या सपाट जागेवर ठोकलेला असतो. डिझेल आणि ब्रशने ती जागा साफ करा आणि वर खडू घासा, म्हणजे आकडे उठून दिसतील. तिथे कानस मात्र लावू नका. ब्लॉकवर उठावदार आकडे दिसतात ते ओतकामाचे. त्यांना इंजिन नंबर समजू नका.

दुसरी गोष्ट, डोळ्यांनी पाहा. स्पार्क प्लग आणि कार्बुरेटर असेल तर इंजिन पेट्रोलचे. डिझेलमध्ये प्रत्येक सिलिंडरला हीटर प्लग आहे का ते पाहा. महिंद्राच्या जुन्या प्युजो इंजिनाला आणि मॅटाडोरच्या मर्सिडीज बनावटीच्या इंजिनाला तो असतो. महिंद्राच्या डी.आय. इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर फवारले जाते, त्याला त्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट, आणि हीच पक्की, माप. हेड उघडले की व्हर्नियरने सिलिंडरचा व्यास घ्या, तो बोअर. पिस्टन अगदी वर असताना आणि अगदी खाली असताना खोली मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे स्ट्रोक. चार मापे लिहून घ्या.

जीपचे जुने हरिकेन पेट्रोल : बोअर ७९.४, स्ट्रोक १११.१ मि.मी.
प्युजो एक्स.डी.पी. ४.९० : बोअर ९०, स्ट्रोक ८३. नावातच चार सिलिंडर आणि नव्वदचा बोअर आहे.
मॅटाडोरचे ओ.एम. ६१६ : बोअर सुमारे ९१, स्ट्रोक ९२.४.
महिंद्रा डी.आय. : बोअर ८८.९, स्ट्रोक १०१.६, म्हणजे साडेतीन इंच आणि चार इंच. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या बीडी-१५४ या ट्रॅक्टर इंजिनाचे मापही हेच.

बोअर झिजतो, रिबोअर केल्यावर वाढतो. स्ट्रोक क्रँकने ठरतो, तो रिबोअरने बदलत नाही. म्हणून घोळ झाला तर स्ट्रोकवर विश्वास ठेवा. हिशेबही करून पाहा : बोअर सेंटिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग, गुणिले ०.७८५४, गुणिले स्ट्रोक, गुणिले सिलिंडरची संख्या. प्युजोचे ९ × ९ × ०.७८५४ × ८.३ × ४ बरोबर २११२ सी.सी. डी.आय.चे येतात २५२३. आर.सी.वरच्या सी.सी.शी हा आकडा ताडून पाहा. यादीत न बसणारे माप आले तर ते लिहून ठेवा आणि जाणत्या मिस्त्रीला दाखवा.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलले तर आर.टी.ओ.ची मंजुरी आणि आर.सी.वर नोंद लागते. मूळ कंपनीच्या तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले. म्हणजे दुसऱ्याच जातीचे इंजिन बसवलेली गाडी स्वस्तात मिळाली तरी ती महाग पडते. उद्या अपघात झाला आणि नंबर जुळले नाहीत, तर विम्याचे भांडण विकणारा भांडणार नाही. ते आपल्याच दारात येईल.

तेव्हा तीन कामे करा. नंबर जुळल्याशिवाय बयाणा देऊ नका. इंजिनाचे नाव आणि नंबर सौदाचिठ्ठीवर लिहून घ्या. गावात आज ज्या गाड्या आहेत, त्यांची मापे वेचणीपूर्वी घेऊन बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून टाका. गावात मिळून एक व्हर्नियर घ्या. एका चुकलेल्या फेरीत त्याचे पैसे वसूल होतात.

बाजाराचे स्वातंत्र्य आपण लढून मागितले. रस्त्यात बंद पडणाऱ्या गाडीत बसून ते वापरता येत नाही.