गावाचा इतिहास, गावाच्या हातचा



ग्रामविकास म्हटला की रस्ता, पाणी, शाळा आणि दवाखाना यांचा विचार प्रथम होतो, आणि तो तसाच व्हावयास हवा. परंतु या सर्व योजनांना आधार लागतो तो गावाच्या एकोप्याचा. निवडणुकीतील चुरस, बांधावरचे तंटे आणि यात्रेतील मानपान यांमुळे दुभंगलेल्या गावात चांगली योजनाही अडून राहते. एकोपा वाढविण्याचे एक अल्पखर्ची साधन प्रत्येक गावापाशी आहे, ते म्हणजे गावाचा स्वतःचा इतिहास.

इतिहास राजधानीतच घडतो, हा समज महाराष्ट्रात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी दूर केला. गावोगाव हिंडून, घराघरांतील दप्तरे धुंडाळून त्यांनी कागद मिळविले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे तिचे २२ खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, ती याच ध्यासातून. ज्या माळ्यावरचे कागद त्या काळी कोणी पाहिले नाहीत, ते वाळवीने खाल्ले. उरलेले आजही गाठोड्यांत आहेत. मात्र त्यांची मोडी वाचणारे हात कमी झाले आहेत.

पूर्वी वतनाचा अथवा शिवेचा तंटा निघाला की गोतसभा बसे आणि तिचा निवाडा महजरात लिहिला जाई. त्यावर पाटील-कुळकर्ण्यांबरोबर बलुतेदारांच्याही साक्षी असत. लिहिता न येणारे आपल्या व्यवसायाची निशाणी करीत. पाटलाचा नांगर असे, न्हाव्याचा आरसा असे. शिवेच्या प्रश्नात महाराच्या साक्षीला विशेष मोल होते. म्हणून जुने गाव समतेचे होते, असे मात्र नव्हे. ज्याच्या साक्षीने शीव ठरे, त्यालाच गावच्या पाणवठ्यावर पाणी भरता येत नसे. तो हक्क बजावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. गावाच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी आल्या पाहिजेत. एकाच वाड्याची कीर्ती सांगणारा इतिहास अर्ध्या गावाला वेशीबाहेर ठेवतो. तो गाव जोडत नाही, तोडतो.

साधनांची उणीव कोठेच नाही. देवळापाशी शेंदूर फासलेला दगड पुष्कळदा वीरगळ असतो. त्याच्या खालच्या टप्प्यात लढाई, वरच्या टप्प्यात शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. अलिबाग तालुक्यातील आक्षी येथील शिलालेख शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जातो व मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. शाळेचे जनरल रजिस्टर, शेतांची व ओढ्यांची नावे, आणि जात्यावरच्या ओव्या ही सारी साधनेच आहेत. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील खेड्यांतल्या स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदविल्या गेल्या. ज्या स्त्रियांचे नाव कोणत्याही दप्तरात नाही, त्यांचा इतिहास त्या ओव्यांत आहे.

प्रश्न उरतो तो आरंभाचा. मूळ पाटीलकी कोणाची, पालखीचा पहिला मान कोणाचा, येथून आरंभ केल्यास पहिल्याच बैठकीत भांडण व्हावयाचे. आरंभ अशा विषयाने करावा की ज्यात प्रत्येक घराचा वाटा आहे. महाराष्ट्राच्या बहुसंख्य भागात असा विषय १९७२ च्या दुष्काळाचा आहे. त्या वर्षी बागायतदार आणि भूमिहीन एकाच कामावर खडी फोडीत होते. आयात केलेल्या मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी अनेकांच्या स्मरणात आहे. कित्येक गावांचे पाझर तलाव व रस्ते त्या कामांतून झाले आणि त्याच अनुभवातून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. त्या वेळी विशीत असलेले स्त्री-पुरुष आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांचे बोल आज टिपले नाहीत, तर पुढे ते कोठेही सापडणार नाहीत.

कामाची रीत साधी असावी. ग्रामपंचायतीने ठराव करून प्रत्येक वस्तीतील एक स्त्री व एक पुरुष घेऊन लहान समिती नेमावी. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांच्या जोड्या कराव्यात आणि एका वस्तीतील मुले दुसऱ्या वस्तीतील वृद्धांकडे पाठवावीत. एरवी जो उंबरठा ओलांडला जात नाही, तो या निमित्ताने ओलांडला जातो. सांगणाऱ्याचे शब्द, नाव व दिनांक लिहून घ्यावा. एकाच घटनेच्या दोन हकिगती आल्या, तर दोन्ही लिहाव्यात. निवाडा करण्याची घाई नको.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. कोणाच्याही घरचा कागद बाहेर नेऊ नये. तेथेच छायाचित्र घेऊन तो परत करावा. शिलालेखावर रंग वा सिमेंट लावू नये, दगड जागेवरून हलवू नये आणि त्याची माहिती पुरातत्त्व विभागास द्यावी. जमिनीत नाणी किंवा ताम्रपट सापडल्यास, १८७८ च्या भूमिगत ठेवींसंबंधीच्या कायद्यानुसार, जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे. ग्रामसेवक व तलाठी यांनी जुन्या नोंदी नियमानुसार पाहण्यास दिल्या, तर समितीचे निम्मे श्रम वाचतील.

जमलेला मजकूर वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचून दाखवावा, दुरुस्त्या स्वीकाराव्यात आणि एक प्रत शाळेत, एक ग्रंथालयात ठेवावी. एवढ्याने गावातील सारे तंटे मिटतील असे नाही. परंतु ज्या वहीत आपल्या आजीचे नाव आहे, त्याच वहीत शेजारच्या वस्तीतील आजोबांचेही नाव आहे, हे गावातील मुलांना दिसेल. जुन्या महजरावर नांगराशेजारी आरसा होता. नव्या वहीत गावातील प्रत्येक घराला आपली खूण सापडली पाहिजे, आणि ते पाहणे हे सरपंच, सदस्य व शिक्षक यांचे काम आहे.