दमाची दौड



मॅरेथॉन हा शब्द ग्रीक असला, तरी महाराष्ट्राचा या शर्यतीशी असलेला संबंध शंभर वर्षांहून जुना आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत शेतकरी घरांतील तरुण लांब पल्ल्याच्या शर्यती अनवाणी धावत. त्यांची धाव पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि त्यांच्याच पुढाकाराने १९२० साली भारतीय खेळाडूंचा संघ अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेला. तेथे मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. त्यांच्यासमवेत उतरलेल्या सदाशिव दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. त्या वर्षीचे अंतर आजच्या ४२.१९५ किलोमीटरहून अर्ध्या किलोमीटरने अधिकच होते. चौगुले यांचे नाव आज किती क्रीडाप्रेमींना ठाऊक असेल, हा प्रश्न न विचारलेलाच बरा.

त्या पिढीतील ग्रामीण तरुणाच्या पायांची तयारी शर्यतीच्या कितीतरी आधी, शेताच्या बांधावर आणि डोंगरवाटेवर होत असे. आजच्या नोकरदाराचा दिवस खुर्चीत जातो. तरीही दिवाळीत मित्रांच्या आग्रहाखातर नाव नोंदवावे आणि जानेवारीत थेट बेचाळीस किलोमीटर धावण्यास उभे राहावे, असे धाडस सर्रास घडते. त्याला पराक्रम म्हणता येणार नाही.

या घाईत नेमका धोका कोणता? नियमित धावू लागल्यावर काही आठवड्यांतच श्वास सुधारतो, हृदय अधिक कार्यक्षम होते आणि धावणाऱ्याला वाटते, आता सारे जमले! परंतु अस्थी आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा यांना बळकट होण्यास महिनोन्‌महिने लागतात. छाती 'हो' म्हणते तेव्हा नडगी अद्याप तयार नसते. बहुतेक दुखापती याच अंतरात जन्म घेतात. म्हणून जो आजवर केवळ चालत आला आहे, त्याने मॅरेथॉनसाठी एक वर्षाची मुदत धरावी. दहा किलोमीटर सहज धावणाऱ्यालाही सोळा ते वीस आठवडे हवेतच. आठवड्याचे एकूण अंतर साधारण दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये आणि दर चौथ्या आठवड्यास ते थोडे कमी करावे. चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असलेल्यांनी पहिले पाऊल डॉक्टरांच्या दाराकडे टाकावे. धावताना छातीत दुखले वा भोवळ आली, तर तेथेच थांबावे. ज्वरात तर धावूच नये.

सर्वांत कठीण शिक्षण असते ते हळू धावण्याचे. सरावातील बहुतांश धाव अशा गतीची असावी की, सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता यावे. वाक्य तुटू लागले की गती अधिक झाली, असे समजावे. मराठीत 'दम' म्हणजे श्वास आणि 'दम धरणे' म्हणजे धीर धरणे. एकाच शब्दात भाषेने सारे प्रशिक्षण सांगून ठेवले आहे.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा जिम पीटर्स हा काही आठवड्यांपूर्वीच जागतिक उच्चांक करून आलेला. त्याने प्रारंभापासून वेगवान आघाडी घेतली आणि तीस किलोमीटरनंतर पायांत गोळे येऊन त्याला शर्यत सोडावी लागली. आयुष्यातील पहिलीच मॅरेथॉन धावणारा चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक ती जिंकून गेला. उच्चांकवीराची जर ही गत, तर हौशी धावकाने पहिल्या पाच किलोमीटरमध्ये गर्दीच्या उत्साहात वाहून जावे काय?

तीस किलोमीटरनंतरच असे का घडते, याचे गणित सोपे आहे. धावताना शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दर किलोमीटरला सुमारे एक कॅलरी खर्च होते. पासष्ट किलोच्या मनुष्याला संपूर्ण शर्यतीस सुमारे २,७०० कॅलरी लागतात. स्नायू आणि यकृत यांतील साखरेचा साठा मात्र साधारण दोन हजारांचा. चरबीचे इंधन मुबलक असले, तरी ते संथपणे जळते. साठा संपला की पाय शिशाचे होतात, मन खचते. धावक याला 'भिंत' म्हणतात. मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर नेमका याच सुमारास येतो!

यावर उपाय म्हणजे आठवड्यातून एकदा दीर्घ, संथ धाव. ती हळूहळू तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत न्यावी. सरावात बेचाळीस पूर्ण करण्याचा हट्ट नको. दीर्घ धावेच्या आदल्या रात्री भात किंवा भाकरी पोटभर असावी. वाटेत केळे, खजूर किंवा चिक्की जवळ ठेवावी. एकादशीचा उपवास करणाऱ्यांनी त्या दिवशी दीर्घ धाव ठेवू नये. पाणी तहानेनुसार घ्यावे. अतिरेकी पाण्याने रक्तातील मीठ घटून प्राणावरही बेतू शकते, हे अनेकांना ठाऊक नसते. घामाच्या दिवसांत लिंबू, मीठ, साखरेचे सरबत उत्तम. शर्यतीच्या दिवशी नवे बूट, नवे कपडे, नवा आहार यांपैकी काहीही नको.

साधनांचा अभाव हे मात्र कारण होऊ शकत नाही. बिहारच्या खेड्यातून सैन्यात गेलेले शिवनाथ सिंह १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनला अकरावे आले. १९७८ साली जालंधरला त्यांनी नोंदवलेली २ तास १२ मिनिटांची वेळ चार दशकांहून अधिक काळ राष्ट्रीय उच्चांक म्हणून टिकली. माण तालुक्यातील दुष्काळी मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१२ ते २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला आणि पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली.

येथे कुटुंबांसाठी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. घरातील पुरुष पहाटे साडेचारला धावावयास निघतो, तेव्हा डबा आणि मुलांची शाळा कोणीतरी सांभाळत असते. तीच सवलत गृहिणीला किती घरांत मिळते? तिच्या दीर्घ धावेच्या सकाळी चहा दुसऱ्या कोणीतरी करावा, अंधारात सोबत म्हणून कोणी सायकल घेऊन निघावे. वेळापत्रक फ्रिजवर लावण्याआधी हे ठरवावे.

अखेरचे दोन-तीन आठवडे धावण्याचे अंतर कमी करीत न्यावे आणि झोप वाढवावी. शर्यत संपताच खाली बसू नये, दहा-पंधरा मिनिटे चालत राहावे, कोरडे कपडे घालावे, थोडे खावे. त्यानंतर दोन आठवडे केवळ चालणे, आणि जिना उतरताना कठडा धरणे.