बारावीचे इंग्रजी : अपेक्षा आणि गुण



नारायणगड परिसरातले पालक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, इंग्रजीत निघेल ना?" निघणे म्हणजे शंभरांत 35. लेखी 80, तोंडी व अंतर्गत 20. हे 20 गुण सढळ हाताने मिळतात, अशी समजूत आहे. ती अगदीच खोटी नाही. मग मुले हिशेब मांडतात, लेखीत पंधरा पुरेत!

लेखीत गद्याला 34, कवितेला 14, लेखनकौशल्याला 16 व कादंबरीला 16 गुण आहेत. कवितेचे रसग्रहण चार गुणांचे. कवीचे नाव, अलंकार, आशय गाइडमधून पाठ करता येतात. पण कविता आपल्याला का आवडली, हे गाइडवाला कसे सांगणार? नेमके तिथेच आमची मुले अडतात. चाळीस वह्यांत एकच वाक्य, स्पेलिंगची चूकही तीच!

घरी दखनी, बाजारात मराठी सहज बोलणाऱ्या मुलाला आणखी एक भाषा झेपणार नाही, हे मला पटत नाही. त्याला स्वतःचे वाक्य लिहायला कोणी लावतच नाही.

म्हणून यंदा अंतर्गत गुण मी फुकट देणार नाही. दर आठवड्याला एक पान स्वतःच्या मनाचे लिहायचे. व्याकरण चुकले तरी गुण मिळतील. उतरवून काढलेल्या पानाला शून्य. पालकांनी, इंग्रजी येत नसले तरी, शनिवारी "पान दाखव" एवढे म्हणावे. जे घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेले आहेत, त्यांनी मोबाईलवर फोटो पाठवावा, मी तपासून देईन.