पटावरचा उमेदवार
(कौशल्य प्रशिक्षण आणि लोकधनाचा हिशेब या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



१५ जुलै २०१५ रोजी प्रधानमंत्री कौशल विकास योजनेचा प्रारंभ झाला. तिच्या हेतूविषयी दुमत संभवत नाही. गवंडी, वीजतंत्री, शिवणयंत्रावर घर चालविणारी भगिनी, रुग्णालयातील परिचर यांच्या अंगच्या कसबाला शासनमान्य प्रमाणपत्र लाभावे, हा विचार या देशात उशिराच आला. २०२२पर्यंतच्या तीन टप्प्यांत सुमारे १ कोटी १० लाख उमेदवारांना प्रमाणपत्रे दिली गेली. आकडा भव्य आहे. आणि भव्य आकड्यापुढे लेखापरीक्षकाने हात जोडून उभे राहायचे नसते, तो आकडा सोलून पाहायचा असतो.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी तेच केले. त्यांचा अहवाल डिसेंबर २०२५मध्ये संसदेपुढे आला. त्यात तपासाची जी रीत दिसते ती कोणाही जागरूक कार्यकर्त्याने समजून घ्यावी इतकी सोपी आहे. नोंदणीच्या संगणकीय कोष्टकातील एक रुक्ष रकाना घेतला गेला, बँक खाते क्रमांकाचा. योजनेच्या दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यातील सुमारे ९५ लाख ९१ हजार सहभागींपैकी ९० लाख ६६ हजारांच्या, म्हणजे शंभरातील चौऱ्याण्णवांहून अधिक जणांच्या नावापुढे हा रकाना कोरा तरी होता, शून्यांनी भरलेला तरी होता, किंवा तेथे ‘लागू नाही’ अशा अर्थाची अक्षरे होती. उरलेल्या सुमारे सव्वापाच लाखांतही १२,१२२ खाते क्रमांक असे निघाले की ते ५२,३८१ जणांच्या नावे पुनःपुन्हा आले होते. काही क्रमांक तर एकावर एक एक मांडत गेलेले होते. शाळकरी मुलगा पाटीवर गिरवतो तसे.

यावर मंत्रालयाचा खुलासा असा की, पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात थेट जमा होणार असल्याने हा रकाना भरण्याची सक्ती पुढे शिथिल केली गेली. खुलासा न्यायाने ऐकला पाहिजे. कोरा रकाना म्हणजे खोटा उमेदवार, असे समीकरण मांडणे अन्यायाचे होईल. कोऱ्या रकान्याला सक्ती शिथिल झाल्याचे कारण देता येते. एकच क्रमांक अनेकांच्या नावापुढे कसा आला, याचे उत्तर मात्र त्यात मिळत नाही. शिवाय परीक्षकांनी उमेदवारांना ई-पत्रे धाडली तेव्हा एक-तृतीयांशाहून अधिक पत्रे पत्त्यावर पोहोचलीच नाहीत. उत्तरे आली अवघी १७१. त्यांतील १३१ एकाच पत्त्यावरून वा प्रशिक्षण संस्थांच्याच पत्त्यांवरून आलेली. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि आपला महाराष्ट्र येथे एकच छायाचित्र अनेक उमेदवारांच्या नावे लावलेले आढळले.

हे घडते कसे? दुसऱ्या टप्प्यात संस्थेला मिळणाऱ्या रकमेचे तीन भाग होते. तुकडी सुरू होताच ३० टक्के, प्रमाणपत्र मिळताच ५० टक्के, आणि नोकरी लागल्याची खातरजमा झाल्यावर उरलेले २० टक्के. म्हणजे शंभरातील ऐंशी रुपये नोकरीचा प्रश्न येण्यापूर्वीच हाती पडत. जेथे डोक्यामागे पैसा मिळतो तेथे डोकी वाढतात, हा मानवी स्वभाव आहे. राजकोशाच्या अपहाराचे चाळीस प्रकार कौटिल्याने अर्थशास्त्रात मोजून ठेवले, ते काही उगाच नव्हे.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यातील शाळांची पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मतदारासारखी बोटाला शाई लावली गेली. कागदावरची सुमारे वीस लाख मुले वर्गात सापडली नाहीत! शिक्षक, अनुदान, पोषण आहार हे सारे त्या पटसंख्येवर उभे होते. शाईची एक बाटली संगणकाच्या कोष्टकाहून खरी ठरली, कारण ती माणसाला शिवत होती.

आता आधार पडताळणी व चेहऱ्यावरून हजेरी आली आहे, तिचे स्वागतच करावे. तथापि यंत्र इतकेच सांगते की मुलगा दारात आला होता. त्याच्या हाती वितळजोडाचे यंत्र दिले गेले की नाही, हे ते सांगत नाही. त्यासाठी कोणी तरी पूर्वसूचना न देता कार्यशाळेत जाऊन उभे राहावे लागते.

यात खरा बळी कोण, हाही विचार व्हावा. खोटे नाव कोणाकडे दाद मागत नाही. दाद मागायची असते ती खरोखर शिकलेल्या मुलाला. प्रमाणपत्रासोबत ५०० रुपये त्याच्या खात्यात यायचे होते. चौतीस लाखांहून अधिक प्रमाणपत्रधारकांना ते मिळाले नव्हते. शहरातील नोकरदार कुटुंबाला ही रक्कम क्षुल्लक वाटेल. खेड्यातून तालुक्याच्या केंद्रावर रोज ये-जा करणाऱ्या मुलाच्या बसभाड्याशी ती ताडून पाहावी. आणि खात्याचा क्रमांकच नोंदलेला नसेल तर कोणाचे पैसे अडले हे शोधण्याचा एक मार्गही बंद होतो. त्याहून मोठी हानी अशी की, कारखान्याचा मुकादम बनावट प्रमाणपत्रांचा अनुभव घेऊन शहाणा होतो आणि खऱ्या प्रमाणपत्राकडेही पाहीनासा होतो.

या टप्प्यांतील अल्पकालीन व विशेष प्रशिक्षणाचे सुमारे ५६ लाख १४ हजार प्रमाणित उमेदवार. नोकरीला लागल्याची नोंद २३ लाख १८ हजारांची, म्हणजे सुमारे ४१ टक्के. ही नोंदही केंद्रांनीच पाठविलेल्या कागदांवर उभी आहे. आपल्या तालुक्यात असे केंद्र असेल तर तेथील शेवटच्या तुकडीतील दहा जणांची घरे शोधणे एका रविवारचे काम आहे. मुलगा काय शिकला, कोठे कामाला आहे, पैसे मिळाले का, एवढे तीन प्रश्न त्याच्या आईला विचारले तरी पुरे.