दिव्याचें बटण



मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठीं गेल्या वर्षीं आईला घेऊन मुंबईस गेलों, तेव्हां एका नव्या धर्तीच्या हॉटेलांत उतरलों. खोली पाहून मी हरखलों. न्हाणीघराची भिंत कांचेची, पलंगाखालीं मंद निळा प्रकाश, आणि बटणांच्या जागीं एक गुळगुळीत काळी पट्टी! बोट टेकतांच दिवे लागत.

मध्यरात्रीं आई उठली. अंधारांत तिनें ती पट्टी चांचपली. परंतु बोटांना कळेल असा उंचवटाच तिच्यावर नव्हता. मला जाग आली ती कांचेवर तिचें कपाळ आपटल्याच्या आवाजानें. सुदैवानें डोळा वांचला. सकाळीं व्यवस्थापक नम्रपणें म्हणाले, "ही रचना आमच्या पाहुण्यांना फार आवडते." ते खोटें बोलत नव्हते, पाहुणा म्हणजे तरुण, धडधाकट आणि सहलीस आलेला, अशीच त्यांची कल्पना होती.

वस्तुतः परगांवीं माणूस सहलीसाठींच जातो असें नाहीं. मुंबईस आले म्हणजे लोकमान्य टिळक क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहांत उतरत. १९२० च्या जुलैंत आजारी पडून ते तेथेंच अंथरुणास खिळले, आणि १ ऑगस्ट रोजीं त्यांचें देहावसानही तेथेंच झालें. उतारूच्या खोलीला केव्हां रुग्णशय्या व्हावें लागेल, हें कोणीं सांगावें?

म्हणून माझी एकच विनंती. खोलीची शोभा अवश्य पाहावी. परंतु सामान सोडण्यापूर्वीं एकदां डोळे मिटून दिवा लावून पाहावा. मीं तसें केलें नाहीं, ही चूक माझीच.