रजिस्टर कोरं का राहतं?



ऑगस्ट २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयाला एका पेशंटने कळवलं, की सीटी स्कॅननंतर डोक्यावरचे केस पुंजक्यांनी गळतायत. पक्षाघाताचा संशय आला की मेंदूतला रक्तप्रवाह पाहण्यासाठी परफ्यूजन स्कॅन करतात, तो या पेशंटचा झाला होता. रुग्णालयाने मागचे स्कॅन काढून पाहिले. फेब्रुवारी २००८ मध्ये डॉक्टरांना अधिक उपयोगी माहिती मिळावी म्हणून यंत्राचा प्रोटोकॉल बदलण्यात आला होता, आणि तेव्हापासून अर्ध्या ग्रेच्या जागी तीन ते चार ग्रे किरणं डोक्यात जात होती. म्हणजे आठपटीपर्यंत. अठरा महिने हे चाललं आणि पहिल्या मोजदादीत २०६ पेशंट निघाले.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. कन्सोलवर प्रत्येक स्कॅनच्या मात्रेचा आकडा येतो, तसा तो तिथेही येत होता. टेक्निशियन बटण दाबत होते, रेडिओलॉजिस्ट रिपोर्ट देत होते, न्यूरॉलॉजिस्ट ते वाचत होते. चूक पकडली ती कंगव्याने.

एवढ्या शिकलेल्या माणसांना ती का दिसली नाही, याचं उत्तर या सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मात्रा कमी पडली तर प्रतिमा दाणेदार येते आणि रेडिओलॉजिस्ट टेक्निशियनवर ओरडतो. मात्रा जास्त झाली तर प्रतिमा सुरेख येते. सुरेख प्रतिमेबद्दल तक्रार कोण करणार? रेडिओलॉजीतली ही चूक शाबासकी मिळवत पुढे जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नंतर इतरत्र शोध घेतला, तेव्हा सहा रुग्णालयांतले मिळून सुमारे ३८५ पेशंट सापडले. त्याआधी, जानेवारी २००८ मध्ये, कॅलिफोर्नियातल्याच आर्काटा गावात दोन वर्षांच्या आतल्या एका मुलाच्या डोक्या-मानेचा स्कॅन तासाभराहून अधिक वेळ, १५१ वेळा झाला होता. मग त्या राज्याने कायदा केला आणि जुलै २०१२ पासून सीटीची मात्रा रिपोर्टमध्ये लिहिणं बंधनकारक झालं.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे, पण फार वेगळं नाही. मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना १९८३ ची. किरणसुरक्षेचे नियम २००४ चे. यंत्राला परवाना लागतो, विभागात किरणसुरक्षा अधिकारी लागतो, कर्मचाऱ्याच्या छातीवर किरणांची मात्रा नोंदवणारा टीएलडी बॅज लागतो. तो दर तिमाहीला मोजणीला जातो. पाच वर्षांत १०० मिलिसीव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही, ही कर्मचाऱ्याची मर्यादा. बॅजचा आकडा चढला की चौकशी होते, आणि पुष्कळदा असं निघतं की बॅज एप्रनला लावलेलाच राहिला आणि एप्रन एक्स-रे रूममध्येच टांगलेला होता. माणूस घरी आणि बॅज ड्यूटीवर! उलट प्रकारही जगभर चालतो. दिवसभर कॅथलॅबमध्ये उभा राहणारा डॉक्टर बॅज लॉकरमध्ये ठेवतो, कारण आकडा वाढला तर काम थांबेल. एक बॅज फुकटची किरणं खातो, दुसरा उपाशी राहतो, आणि रजिस्टरात दोन्ही आकडे सारख्याच विश्वासाने चढतात.

हे झालं कर्मचाऱ्याचं. पेशंटला बॅज नाही. त्याला कायद्याने ठरलेली मर्यादाही नाही, आणि ती नसण्यामागे शास्त्रीय कारण आहे. रक्तस्राव होणाऱ्या माणसाला ‘या वर्षीचा कोटा संपला’ असं सांगता येत नाही. म्हणून पेशंटच्या बाबतीत दोनच प्रश्न उरतात. तपासणी गरजेची आहे का, आणि तीच माहिती कमी मात्रेत मिळेल का? दोन्ही प्रश्न डॉक्टरच्या विवेकावर सोडलेले आहेत, आणि विवेकाचा हिशेब कुठल्याच तिमाहीला मोजणीला जात नाही.

मग निदान घडलेल्या चुका तरी लिहिल्या जातात का? ‘इन्सिडंट रजिस्टर’ बहुतेक मोठ्या रुग्णालयांत असतं. नवं कोरं. तपासणीच्या आदल्या आठवड्यात त्याची धूळ झटकली जाते. डाव्या गुडघ्याऐवजी उजव्याचा एक्स-रे काढला, एकाच आडनावाच्या दोन बायकांपैकी भलतीलाच आत घेतलं, सासूसमोर मोठ्याने विचारल्यामुळे नव्या सुनेने पाळी चुकल्याचं सांगितलंच नाही. या गोष्टी कँटीनमध्ये चहाबरोबर रंगतात, वहीत मात्र उतरत नाहीत.

याला आळस म्हणणं सोपं आहे, पण महाराष्ट्रातल्या रेडिओलॉजिस्टला कागदाने वेगळा धडा शिकवलाय. लिंगनिदानाविरुद्धचा कायदा या राज्याने देशाच्या आधी, १९८८ मध्ये केला. तो गरजेचा होता, आजही आहे. १९९४ च्या केंद्रीय कायद्यात मात्र नोंदीतली त्रुटी हाच गुन्हा धरला जातो आणि निर्दोष असल्याचं डॉक्टरने सिद्ध करायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद २०१९ मध्ये कायम ठेवली. या कायद्याच्या एफ फॉर्ममधल्या एका रिकाम्या रकान्यापायी सोनोग्राफी मशीनला सील लागण्याची धास्ती ज्याने वर्षानुवर्षं बाळगली, तो सीटीच्या खोलीत स्वतःच्या हाताने स्वतःची चूक लिहील, ही अपेक्षाच भाबडी आहे. गंमत अशी, की सगळ्यात जास्त कागद भरावे लागतात ते ज्यातून आयनकारी किरणं निघतच नाहीत त्या मशीनसाठी.

विमानवाल्यांनी ही गाठ १९७६ मध्येच सोडवली. अमेरिकेत वैमानिकांच्या चुकांचे अहवाल विमान प्रशासनाकडे न जाता नासाकडे जाऊ लागले. परवाना काढून घेऊ शकणाऱ्या माणसाला कोणी मनातलं सांगत नाही, हे त्यामागचं साधं शहाणपण. नाव पुसलं जातं. चूक अजाणतेपणी झाली असेल आणि दहा दिवसांत कळवली असेल, तर दंड माफ होतो. इंग्लंडचा मार्ग निराळा. तिथे गंभीर चुका नियामकाला कळवाव्याच लागतात, पण तो दरवर्षी त्यांचा अहवाल छापतो. त्यात वारंवार वर येणारं कारण अगदी घरगुती आहे: एका पेशंटची तपासणी दुसऱ्याचीच केली जाते. त्यावर उपाय म्हणून तिथल्या रेडिओग्राफर संघटनेने बटण दाबण्याआधी क्षणभर थांबून नाव तपासण्याची सवय लावणारी पोस्टरं भिंतींवर चिकटवली. खर्च कागदाचा.

आपल्या नियामक मंडळाला अपघात कळवणं परवानाधारकाचं कर्तव्य आहे आणि ते तसंच राहावं. प्रश्न त्याखालच्या शेकडो छोट्या चुकांचा आहे. परवाना देणाऱ्याकडे त्या कधीच जाणार नाहीत, म्हणून त्या आपल्या संघटनेने गोळा कराव्यात. नाव-गाव न घेता, मराठीतही लिहिता येतील अशा चार ओळींत, आणि टेक्निशियनलाही लिहायची मुभा देऊन. त्या एखाद्या निवृत्त वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाने वाचाव्यात आणि सहा महिन्यांनी त्यांचं सार सगळ्यांना पाठवावं. सोबत दुसरी मागणी: प्रत्येक सीटी रिपोर्टच्या तळाशी मात्रेचा आकडा असावा. कायदा येण्याची वाट पाहायचं कारण नाही. आकडा मशीन देतंच, तो फक्त उतरवायचा आहे.

खुल्या अधिवेशनात हे दोन्ही ठराव मांडले जातील. हात वर करण्याआधी प्रत्येकाने आपल्या विभागात फोन करावा, डोक्याच्या शेवटच्या पन्नास सीटींचे आकडे मागवावेत आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा का मोठा आहे, हे तिथल्या टेक्निशियनला विचारावं. आवाज न चढवता.